दुसऱ्यांचे आईवडील सांभाळताना

गेल्या तीन अंकांत हे सदर आलं नाही. बऱ्याच भगिनींनी विचारपूस केली, काहींना माझ्या तब्येतीची काळजी वाटली. सगळ्यांची आभारी आहे. तब्येत ठीक आहे, अल्हमदुलिल्लाह. मी मुलीकडे आयर्लंडला गेले होते.

मुलगी नर्स आहे. तिथल्या वॉटरफर्ड शहराजवळ ट्रामोर नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. त्या गावातल्या एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांची देखभाल करणाऱ्या संस्थेत, ती काम करते. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा संपली आणि बाळाला कोण बघणार, हा प्रश्न आला. पाळणाघर परवडेना. व्हिसा नव्वद दिवसांचा मिळाला. आमच्या घरातून म्हणाले, "तू जा. माझं काय, दोन भाकऱ्या कुठूनही मिळतील." मेच्या मध्यावर मी शिरूरहून निघाले. सामानात ज्वारीचं पाच किलो पीठ होतं.

ट्रामोर म्हणजे तिथल्या भाषेत मोठी चौपाटी. नाव खरं आहे. पाचेक किलोमीटर सरळ वाळू. माझं माहेर दौंडचं, वडील रेल्वेत. त्यामुळे गावात पाय ठेवल्यावर पहिल्यांदा विचारलं, "स्टेशन कुठंय?" मुलगी हसली. वॉटरफर्ड ते ट्रामोर अशी छोटी रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली होती, देशातल्या दुसऱ्या कुठल्याच रुळाला न जोडलेली. १९६० च्या अखेरीस ती बंद झाली. आता बस आहे.

पहिले पंधरा दिवस घड्याळाशी भांडण्यात गेले. जूनमध्ये तिथं मगरिब रात्री पावणेदहाच्या सुमारास. मग इशासाठी जागायचं, जरा डोळा लागतो न लागतो तोच फजर. हवा आपल्या डिसेंबरसारखी, तरी लोक समुद्रात पोहतात आणि रस्त्यात भेटले की 'आज छान ऊन आहे' म्हणतात. बकरी ईद तिथं ६ जूनला, शुक्रवारी झाली, आपल्याकडे ७ जूनला. सुट्टी नव्हती. जावई सकाळी नमाजला वॉटरफर्डला जाऊन आले, मुलगी ड्युटीवर गेली, मी बाळाला नवा कुर्ता घातला आणि एकटीनं शीरखुर्मा खाल्ला. कुर्बानी दुसऱ्या दिवशी शिरूरला झाली, ती मी फोनवर पाहिली.

दुपारी बाळाला गाडीत घालून मी नर्सिंग होमकडे जायची. मुलीला जेवणाची सुट्टी असे. खरं सांगते, जाताना मनात एक पक्कं मत होतं: हे लोक आईवडिलांना टाकून देतात, आपण तसे नाही. तिथं रोज गेल्यावर ते मत जरा डळमळलं. एका आजोबांची मुलगी रोज संध्याकाळी येऊन त्यांना स्वतःच्या हातानं सूप पाजायची. एक मुलगा दर रविवारी आईला चाकाच्या खुर्चीतून समुद्रावर न्यायचा. कुणाकुणाकडे मात्र कुणीच यायचं नाही. म्हणजे आपल्याकडे असतं तसंच, कमीजास्त. आणि त्या सगळ्यांना उठवणाऱ्या, बसवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या मुली बहुतेक आपल्याकडच्या. केरळच्या सर्वांत जास्त, फिलिपिन्सच्या काही, आणि एक आमची शिरूरची.

तिथं नव्वदीच्या एक आजी होत्या. बाळाचा हात धरून बसायच्या. त्यांचं इंग्रजी मला कळत नसे, मुलगी सांगायची. एकदा त्यांनी विचारलं, "तू इथं आलीस, मग तुझ्या नवऱ्याजवळ कोण आहे?" मी म्हटलं, "अल्लाह आहे." त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "तो तर आहेच. पण चहा कोण करतं?" आम्ही हसलो. पण प्रश्न मनात राहिला.

त्याच आजींनी सांगितलं, त्यांचे तीन भाऊ परदेशी गेले, एकही परत राहायला आला नाही. त्यांच्या आजीच्या काळात कुणी अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री सगळं गाव त्या घरी जागायचं. मयताच्या घरी जागतात तसं. त्याला नावच 'अमेरिकन वेक' होतं. वेक म्हणजे मयताजवळची जागरण-रात्र. गेलेलं माणूस पुन्हा दिसणार नाही, हे सगळ्यांना माहीत असायचं.

एका रविवारी जावयांनी आम्हाला कोव बंदरावर नेलं. १८४८ ते १९५० या काळात आयर्लंडमधून साठ लाख माणसं बाहेर गेली, त्यातली पंचवीस लाख या एका बंदरातून. १८४५ पासून बटाट्याचं पीक सडलं आणि मोठा दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसं मेली. त्या वेळी उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी एक हजार पौंड मदत पाठवली होती, आणि मदतीचे पहिले मोठे पैसे गोळा झाले ते आपल्या कलकत्त्यात. धक्क्यावर अ‍ॅनी मूर या मुलीचा पुतळा आहे, शेजारी तिचे दोन धाकटे भाऊ. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरून अमेरिकेत शिरलेली ती पहिली. पुतळ्यातला एक भाऊ पुढं बोट दाखवतो, ती मात्र मागे वळून बघते आहे. मला दौंडचा फलाट आठवला. आमच्या लहानपणी मुंबईला नोकरीला निघालेल्या पोरांच्या आया गाडी हलली तरी खिडकीचा गज सोडत नसत.

जुलैमध्ये ती रात्र आली. मुलगी रात्रपाळीला, जावई झोपलेले. दीड वाजता फोन वाजला. शिरूरला सकाळचे सहा. शेजारच्या वहिनी बोलत होत्या. आमच्या घरातून फजरच्या वुजूला उठले आणि न्हाणीघरात पाय घसरून पडले. दाराला आतून कडी. मशिदीत दिसले नाहीत म्हणून रोजचे सोबती नमाजनंतर बघायला आले, हाका मारल्या, उत्तर नाही. वहिनींचा मुलगा रांजणगावच्या कारखान्यात जायला निघाला होता. तो गच्चीवरून आत उतरला. तोवर हे तासभर ओल्या फरशीवर पडून होते. मनगट मोडलं होतं, कपाळाला खोक पडली होती. वहिनी म्हणाल्या, "भाभी, घाबरू नका, आम्ही आहोत." त्या होत्याच. दवाखान्यात तीन दिवस त्यांच्या घरचाच डबा गेला.

मुलीचा फोन ड्युटीत कपाटात असतो. सकाळी आठनंतर घरी आल्यावर तिला कळलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अम्मी, रात्रभर मी एका आजोबांची दर दोन तासांनी कूस बदलत होते. त्यांना जखम होऊ नये म्हणून. आणि अब्बा फरशीवर पडून होते."

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. मी नातवाला सांभाळायला गेले म्हणून ती दुसऱ्यांच्या वडिलांना सांभाळू शकली, आणि तिचे वडील एकटे पडले. यात चूक कुणाची? तिच्याच पगारावर आमचं घर उभं राहिलं, धाकट्याचं शिक्षण झालं. आईवडिलांना कायमचं तिकडे नेणं नियमांमुळे फार कठीण आहे. तिनं विचारलं, "मी परत येऊ का?" तिच्या अब्बांनी फोनवर सांगितलं, "तू तिथं जे करतेस त्याचं सवाबच आहे. माझी काळजी करू नकोस." त्यांचा आवाज मला माहीत आहे. त्यात अर्धं खरं होतं.

तिकडे किब्ला पूर्वेकडून जरा दक्षिणेला. इथं पश्चिमेला. त्या आठवड्यात मुसल्ल्यावर उभी राहिले की वाटायचं, आम्ही दोघं समोरासमोर तोंड करून उभे आहोत, मध्ये काबा आहे. तेवढाच धीर.

ऑगस्टच्या मध्यावर परतले. आल्यावर पहिलं काम न्हाणीघराचं केलं. भिंतीला स्टीलचे दांडे बसवले, खडबडीत फरशी घातली, आतली कडी काढून बाहेरूनही उघडेल असा बोल्ट लावला. घराची एक किल्ली वहिनींकडे दिली. दारामागे मोठ्या अक्षरांत फोन नंबर लिहून चिकटवले. त्यात ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ सुद्धा आहे. मशिदीतल्या मंडळींनी आपणहून ठरवलं, की एकटा राहणारा कुणी बुजुर्ग फजरला दिसला नाही, तर त्याच सकाळी एकानं त्याचं दार वाजवायचं. एकट्या राहणाऱ्या बायका मशिदीत दिसत नाहीत, म्हणून त्यांची चौकशी आम्ही बायकांनी वाटून घेतली आहे. सध्या आमच्या गल्लीत अशा चारजणी आहेत. तिघींची मुलं परदेशात आहेत, एकीचा मुलगा पुण्यात.

तुमच्या गल्लीत किती आहेत, ते एकदा मोजून बघा. मुलं परत येतील की नाही, हे त्यांना आणि अल्लाहला माहीत. तोवर त्यांच्या आईवडिलांचं दार वाजवणं आपल्या हातात आहे. मीही रोज सकाळी दोन दारं वाजवते. आत गेले की चहा होतोच.