जीपमधली बंदूक

निवडणूक आली, की पीक राखायची बंदूक ठाण्यात जमा करण्याचा हुकूम बहुधा येतोच. आपण ती पोत्यात गुंडाळून जीपमध्ये टाकतो आणि वाटेत बाजारही उरकू पाहतो. इथेच घात होतो! काच फोडायला चोराला कितीसा वेळ लागतो?

आधी ठाणे गाठा, बाजार मागाहून. थांबणे भागच पडले, तर परवाना ज्याच्या नावे, त्याने गाडीतच बसावे. पोराच्या हाती बंदूक सोपवणे कायद्यात बसत नाही.

चोरी झालीच, तर गाडीला हात न लावता जवळच्या ठाण्यात ताबडतोब वर्दी द्या. शस्त्र परवान्याची ती अटच आहे. परवाना जाईल या भीतीने गप्प बसाल, आणि उद्या त्याच बंदुकीने कुणाचा जीव गेला तर? बंदुकीचा नंबर घरच्या वहीत टिपून ठेवा. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. ती जोडून परवाना देणाऱ्या कचेरीलाही लेखी कळवा.