रुग्णवाहिका येईपर्यंत

कंबोडियातलं बत्तांबांग आणि उत्तर इराक. सुरुंगावर पाय पडला, की शस्त्रक्रियेची सोय कित्येक तासांच्या वाटेवर. १९९७ पासून तिथे नॉर्वेच्या डॉक्टरांनी गावकऱ्यांनाच तयार केलं: श्वासमार्ग मोकळा ठेवा, जखमेत कापड ठासून रक्त थांबवा, अंग गरम राहू द्या. पाच वर्षांत जखमींमधलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास आलं. तेही हेलिकॉप्टरशिवाय! सुरुंगांचा धोका आपल्याकडेही आहे: गडचिरोलीत १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंगस्फोटात सोळा जण गेले. एवढ्या मोठ्या स्फोटापुढे प्रथमोपचारही हतबल, हे खरं. पण प्रत्येक जखम तशी नसते. दुर्गम गावांतल्या आशाताई, पोलीसपाटील आणि जीपचालकांना हे प्रशिक्षण सरकारने आता द्यावंच.