पायाशी लिहिलेला आकडा

परीक्षा महिन्यावर आली की दहावीच्या मुलांच्या हातात रसायनशास्त्राची एक वही दिसू लागते. तिच्यात एकाखाली एक समीकरणे उतरवलेली असतात. पन्नास, साठ, कधी त्याहूनही अधिक. येता-जाता ती घोकायची आणि परीक्षेच्या दिवशी उत्तरपत्रिकेवर ओतायची, अशी आपल्याकडे उजळणीची रीत आहे. ही रीत चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ते मत बनायला माझीच एक चूक कारण झाली, म्हणून आधी ती सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. सहामाहीच्या पेपरात मी प्रश्न घातला होता : हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्यापासून पाणी तयार होते, याचे संतुलित समीकरण लिहा. एका मुलीने लिहिले, हायड्रोजनचा एक रेणू अधिक ऑक्सिजनचा एक रेणू, आणि बाणापुढे एच-टू-ओ-टू. मी लाल रेघ मारून शून्य गुण दिले. पेपर वाटल्यावर ती टेबलापाशी आली. म्हणाली, "सर, हायड्रोजनचे अणू दोन्हीकडे दोन आहेत. ऑक्सिजनचेही दोन्हीकडे दोन. मग चुकलं कुठे?" मी म्हणालो, "पुस्तकात काय दिलंय ते बघ." ती मुकाट्याने जागेवर जाऊन बसली. त्या वर्षी तिने पुन्हा काही विचारल्याचे मला आठवत नाही.

तिचा हिशेब बिनचूक होता. वजने घालून पाहिली तरी तो जुळतो : डावीकडे २ आणि ३२, उजवीकडे ३४. चूक हिशेबात नव्हती, पदार्थात होती. तिने लिहिले ते पाणी नव्हे, हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळतो तो हाच, पाण्यात मिसळून सौम्य केलेला. पाण्याच्या जागी तो पिऊन चालणार नाही!

समीकरणात दोन जातींचे आकडे असतात. एक लहान आकडा चिन्हाच्या पायाशी लिहिलेला, दुसरा मोठा आकडा अख्ख्या सूत्राच्या आधी लिहिलेला. मोठा आकडा आपल्या हातातला आहे. किती रेणू घेतले ते तो सांगतो, आणि समीकरण जुळवताना तोच बदलायचा असतो. पायाशी असलेल्या लहान आकड्याला आपण हात लावायचा नाही. तो बदलला की पदार्थच बदलतो. पाण्याचे समीकरण जुळवायचे तर पाण्याचे दोन रेणू घ्या आणि हायड्रोजनचेही दोन घ्या. वजने ४ आणि ३२, मिळून ३६. पाण्याचे दोन रेणू, प्रत्येकी १८, तेही ३६.

पण पायाशी २ हाच आकडा का, हे कोणी ठरवले? त्या मुलीचा खरा प्रश्न हा होता, आणि "पुस्तकाने" हे त्याचे उत्तर नव्हे. पाण्याचे पृथक्करण केले तर दर ९ ग्रॅम पाण्यातून १ ग्रॅम हायड्रोजन आणि ८ ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. पेरॉक्साइडमध्ये मात्र १ ग्रॅम हायड्रोजनमागे १६ ग्रॅम ऑक्सिजन असतो. तराजूने दोन्ही पदार्थ वेगळे काढून दाखवले आहेत. एवढे जरी मी तिला सांगितले असते, तरी पुष्कळ झाले असते.

गंमत अशी की नुसत्या तराजूनेही हा प्रश्न पुरता सुटत नाही, आणि त्या ठिकाणी मोठमोठे लोक अडले. जॉन डाल्टन याने १८०८ साली आपला अणुसिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एकच अणू आहे असे तो धरून चालला होता. त्यामुळे त्याच्या कोष्टकात ऑक्सिजनचा भार हायड्रोजनच्या सातपट आला. त्या काळची वजनेही ढोबळच होती. त्याच सुमारास गे-ल्युसॅकने दाखवून दिले की हायड्रोजनचे दोन भाग आकारमान आणि ऑक्सिजनचा एक भाग यांचा संयोग होऊन वाफेचे दोन भाग मिळतात. १८११ मध्ये ॲव्होगॅड्रोने याचा अर्थ लावला : समान तापमानाला व दाबाला वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, आणि हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे रेणू जोडअणूंचे असतात. हे म्हणणे जवळजवळ पन्नास वर्षे मागे पडून राहिले. १८६० साली जर्मनीत कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेथे कानिझारो याने ते पुन्हा जोरात मांडले. तेव्हा कुठे पाण्याचे सूत्र आणि अणुभार यांचा घोळ मिटू लागला. जो प्रश्न शास्त्रज्ञांना अर्धशतक पुरला, तो चौदा वर्षांच्या मुलीला पडला म्हणून मी तिला शून्य दिले!

आता उजळणीकडे येतो. साठ समीकरणे पाठ करण्यापेक्षा दहाच घ्या, पण प्रत्येक मराठी वाक्यासारखे मोठ्याने वाचा आणि अणुभार घालून तोला. उदाहरणार्थ, चुनखडी. तिचा रेणुभार १००. भट्टीत भाजली की कळीचा चुना ५६ आणि कार्बन डायऑक्साइड ४४. म्हणजे एक क्विंटल शुद्ध चुनखडी पुरती भाजली तर हाती ५६ किलो चुना येतो, बाकीचे ४४ किलो हवेत जातात. सिमेंटच्या कारखान्यातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याचा मोठा वाटा इंधनाचा नसून या चुनखडीचाच असतो. पुढे ५६ चुन्यात १८ पाणी मिसळा, ७४ विरलेला चुना. तो भिंतीला लावला की हळूहळू हवेतला ४४ कार्बन डायऑक्साइड परत घेतो, १८ पाणी सोडतो, आणि पुन्हा १०० चुनखडी! जुन्या वाड्यांच्या चुनेगच्ची भिंती अशाच घट्ट झाल्या. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, तीही हीच विक्रिया. तीन समीकरणे झाली, आणि पाठ एकही करावे लागले नाही.

समीकरण सगळे सांगत नाही, हेही ध्यानात ठेवा. भट्टी ९०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवावी लागते, कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर डोळा जाऊ शकतो, भिंत घट्ट व्हायला महिने लागतात; यातले अक्षरही त्या बाणात नाही. ते निराळे वाचावे लागते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. समीकरण चुकले पण मुलाने ते शब्दांत बरोबर वाचले असेल, तर निदान अर्धा गुण द्या. वेळ नाही, अभ्यासक्रम उरकायचा आहे, वर्गात साठ मुले आहेत, हे सगळे मला ठाऊक आहे. मी यातूनच गेलो आहे. परंतु बाणाच्या दोन्ही बाजूंना काय आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याला केवळ सुवाच्य अक्षरासाठी आपण पुरे गुण देत आलो आहोत.

जाता जाता एक समीकरण तुमच्यासाठी. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, रेणुभार ८४. त्याचे दोन रेणू तापवले की सोडियम कार्बोनेट १०६, पाणी १८ आणि कार्बन डायऑक्साइड ४४. बेरीज तुम्ही करा. मग स्टीलच्या वाटीत १० ग्रॅम सोडा सोनाराच्या काट्यावर वाटीसकट तोलून घ्या, मोठ्या माणसाला जवळ ठेवून अर्धा तास चांगला तापवा, पुरता गार होऊ द्या आणि पुन्हा तोला. उरलेली पूड खाऊ नका, तो आता धुण्याचा सोडा आहे. हिशेबाने ६.३ ग्रॅम उरायला हवेत. जास्त भरले, तर वाटीत अजून काय शिल्लक आहे ते शोधून काढा.