कायद्यावर बोललो, आता दावणीवरही बोलू

गोहत्याबंदी महाराष्ट्रात 1976 च्या कायद्यापासूनच आहे. मार्च 2015 मध्ये बैल आणि वळूही तिच्यात आले. कुरेशी बांधवांच्या रोजीरोटीचे त्यामुळे काय झाले, यावर आपण पुष्कळ बोललो. बोलत राहायलाच हवे. पण त्याच साखळीचे दुसरे टोक जनावर पाळणाऱ्याच्या दावणीला आहे, आणि तिकडे आपले लक्ष नाही.

रावेर, यावल, चोपड्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी बांधव गुरे राखतात. साक्री, शिरपूरकडेही अनेकांची गुरे चरून आणि कडब्यावर जगतात. अशा घरातली गाय किंवा म्हैस गाभण राहत नाही. माज दिसत नाही, दिसला तर रेतन करूनही उलटते. एक माज हुकला की 21 दिवस गेले. असे पाच-सहा हुकले की जवळपास चार महिने भाकड. भाकड गाय कोण घेणार? आणि मांसाचा जो कायदेशीर व्यापार उरला आहे, तो म्हशीवर उभा आहे. तिचा मुका माज तर अनुभवी माणसालाही चकवतो.

दोष कधी नशिबाला, कधी रेतन करणाऱ्याला. चाऱ्याकडे कोणी पाहत नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत जस्ताची कमतरता सर्रास आढळते. जमिनीत नाही ते चाऱ्यात कुठून येणार? वाळलेल्या गवतात आणि कडब्यात स्फुरदही कमी. तांबे कमी पडले तर केसांचा रंग उडतो, माज लांबतो. सेलेनियम कमी असेल तर जार अडकण्याची भीती. आयोडीन नसेल तर वासरू अशक्त किंवा मेलेले जन्मते. गव्हाणीत मिठाचा खडा टाकला की काम झाले, असे अनेकजण समजतात. साध्या मिठात यातले काहीच नसते.

मोठ्या जनावराला रोज साधारण 50 ग्रॅम खनिज मिश्रण लागते. पिशवीवर आयएसआय खूण पाहून घ्यावी. (गायीचे मिश्रण मेंढीला मात्र देऊ नये, तिला तांबे बाधते.) अर्थात ही जादूची पूड नव्हे. जनावर उपाशी असेल, पोटात जंत असतील किंवा गर्भाशयाला रोग असेल, तर आधी त्याचा इलाज हवा. पण तपासणीआधीच महागडी इंजेक्शने टोचणे, हा आपल्याकडचा उलटा क्रम आहे.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ प्रदेशानुसार वेगळे खनिज मिश्रण बनवण्याचा आग्रह धरते. मग जळगाव-धुळ्याच्या चाऱ्याचे नमुने तपासून इथले मिश्रण पशुवैद्यकीय दवाखान्यांत मिळावे, ही मागणी कोण करणार? तडवी, कुरेशी घरांतली शिकलेली मुले निवेदन लिहू शकतात, ग्रामसभेत उभी राहू शकतात. पावसाळ्यानंतर गावोगाव वंध्यत्व तपासणी शिबिरासाठी जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाकडे आतापासूनच अर्ज द्यायला हवेत.