बर्न्सचें गीत व जमेकाची नोकरी

स्कॉटलंडचा शेतकरी कवि रॉबर्ट बर्न्स ह्यानें १७९५ सालीं रचलेलें मानवी समतेचें गीत १९९९ सालीं स्कॉटिश पार्लमेंटाच्या उद्घाटनप्रसंगीं गाइलें गेलें, हें योग्यच झालें. परंतु हाच कवि १७८६ सालीं जमेका बेटांतील एका मळ्यावर 'बुककीपर' म्हणून जाण्यास निघाला होता, हें त्याचे भक्त हलक्या आवाजांत सांगतात. आमच्या व्यापारी वाचकांनीं ह्या शब्दानें फसूं नये. तेथील बुककीपर म्हणजे पेढीवरचा निरुपद्रवी मेहताजी नव्हे. गुलामांच्या टोळ्यांवर देखरेख ठेवणें हें त्याचें काम. त्याच वर्षीं किल्मार्नॉक येथें छापलेलें त्याचें काव्यपुस्तक खपलें, म्हणून जाणें राहिलें. मन पालटलें म्हणून नव्हे!

'काळच तसा होता' असें म्हणणाऱ्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, जमेकाहून आणलेल्या जोसेफ नाइट ह्या गुलामाच्या खटल्यांत स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयानें १७७८ सालींच गुलामगिरी देशाच्या कायद्यास मान्य नाहीं असा निवाडा दिला होता.

पुढें बर्न्स अबकारी खात्यांत चाकरीस लागला. १७९२ च्या अखेरीस त्याच्या राजनिष्ठेची चौकशी झाली, तेव्हां त्यानें नमतें घेतलें. समतेचें गीतहि प्रथम निनांवी छापलें गेलें. मधल्या काळांत, १७९३ सालीं, थॉमस म्यूर ह्या सुधारणावादी वकिलास १४ वर्षें हद्दपारीची शिक्षा झाली होती. पोराबाळांच्या धन्याची ही भीति आम्ही समजूं शकतों. जमेकाचा बेत मात्र चरित्रांतून गाळण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.