स्वमग्नता : शिकवणार कोण?

प्लेसमेंटच्या तयारीत आम्हाला पहिला धडा मिळतो : नजरेला नजर देऊन बोला. पण ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या कित्येकांना नेमकं तेच जड जातं. प्रोग्राम चोख लिहिणारा मुलगाही पाच मिनिटांत बाद!

कायदा त्याला बाद करत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये अशा लोकांना नोकऱ्या देण्याचा उपक्रम जाहीर केला. दार उघडलं, पण आत बसलेल्यांना कोण शिकवणार?

माझं मत : स्वमग्न माणसानेच. डॉक्टर लक्षणं सांगतील. पण ट्यूबलाइटची गुणगुण डोक्यात कशी घुसते, साहेब "जरा बघून घे" म्हणाले की नेमकं काय बघायचं ते का कळत नाही, हे तोच सांगू शकतो. मशीनवर काय त्रास होतो, हे आपण ऑपरेटरलाच विचारतो ना? अमेरिकेतल्या प्रा. टेंपल ग्रँडिन स्वतः स्वमग्न आहेत. गुरं हाताळण्याच्या यंत्रणा त्यांनी डिझाइन केल्या आणि स्वमग्नतेवर व्याख्यानंही त्या देतात.

एकाचा अनुभव सगळ्यांना लागू होईल का? नाही. म्हणून दोघा-तिघांना बोलवा. ज्याला बोलणं जमत नाही, त्याला टाइप करू द्या. आणि मानधन द्या, नुसत्या शाल-श्रीफळावर भागवू नका!

२ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन. बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या कॉलेजात त्या दिवशी असं एक व्याख्यान ठेवू या. उद्याचे टीम लीडर आपल्यातलेच असणार आहेत.