आपसात मिटवण्याआधी हिशोब मांडा

कापसाचा हंगाम सुरू झाला की राळेगावच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. तालुक्यातल्या वडकीवरून तर नागपूर-हैदराबाद महामार्गच जातो. अपघात होतात. दुचाकीवरचा जखमी पोरगा कित्येकदा आपल्याच मोहल्ल्यातला असतो: मिस्त्री, ड्रायव्हर, फळविक्रेता. पुढचं सगळं ठरलेलं. गाडीमालक दवाखान्याचं बिल भरतो, वर वीस-पंचवीस हजार देतो आणि ‘यापुढे आमची काही तक्रार नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतो. साक्षीला आपलेच बुजुर्ग. ते सांगतात, ‘ड्रायव्हर गरीब आहे बेटा, माफ कर, सवाब मिळेल.’

माफ जरूर करावं. पण ड्रायव्हरला माफ करणं वेगळं आणि विमा कंपनीला तिचं देणं सोडून देणं वेगळं. रस्त्यावरच्या गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा हप्ता याच दिवसासाठी भरलेला असतो. विमा चालू असेल तर भरपाई त्या गरीब ड्रायव्हरच्या खिशातून जात नाही. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की विम्याची मुदत दिसते. बैठकीला बसण्याआधी एवढं तरी बघा.

वकील न लावता तडजोड करता येते का? येते. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १४९ने त्यासाठी वाट करून दिली आहे. अपघाताची माहिती मिळाल्यावर कंपनीच्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत जखमीपुढे रक्कम ठेवायची. ती मान्य झाली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण तिची नोंद करतं, नाही झाली तर सुनावणी लागते. २०२२पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल द्यायचा असतो, आणि दहा दिवसांत जखमीला त्याचे हक्क सांगणारा ‘फॉर्म २’. मागितल्याशिवाय तो हातात पडेल, असं धरून चालू नका.

खरी अडचण रकमेची आहे. समोरच्याकडे हिशोब तयार असतो, आपल्याकडे फक्त बिलं असतात. मी कोड लिहून पोट भरतो, वकील नाही. पण हे गणित दहावीच्या पोरालाही जमेल. समजा वय २८, कमाई महिना १५ हजार आणि कायमचं अपंगत्व २० टक्के. वर्षाची कमाई १,८०,०००. सरला वर्मा खटल्यात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या तक्त्यात या वयाचा गुणक १७ आहे. १,८०,००० गुणिले १७, त्याचे २० टक्के: ६,१२,०००. प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) स्वतःचा धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या कमाईत ४० टक्के वाढ धरली, तर ८,५६,८००. औषधं, बुडालेली मजुरी, वेदना यांचे पैसे वेगळे. आता ते पंचवीस हजार आठवा.

टक्के कशाचे, हेही भांडून घ्यायचं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की डॉक्टरच्या सर्टिफिकेटवरचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान एकच नव्हे. पाय आखडला तर कारकुनाचं काम चालून जातं, ट्रकड्रायव्हरचं चालत नाही.

कंपनी ‘चूक तुमचीही होती’ म्हणेल. म्हणून एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल आधीच हातात हवी. कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला, म्हणजे हाड मोडलं तरी, चूक कोणाची हे न बघता अडीच लाख मिळतात. मात्र ते स्वीकारले की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. लोकअदालतीत सही केली की अपील नाही. उपचार चालू असताना कशावरच सही करू नका, पण सहा महिन्यांची मुदतही विसरू नका.

हाड जुळून माणूस कामाला लागला असेल, तर स्वतः बोलणी करावीत असं माझं मत आहे. कायमचं अपंगत्व असेल तर नको. तिथे तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिला, मुलं आणि अपंगांना वकील मोफत मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. ‘टक्क्यावर केस घेतो’ म्हणणाऱ्याला सांगा की बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही.

आणि बुजुर्गांना बैठकीत जरूर बसवा. त्यांचा शब्द चालतो. फक्त आकड्याचा कागद आधी त्यांच्या हातात द्या.